पोटाच्या ऑपरेशनआधी फुप्फुसांची तयारी

ऑपरेशनची तारीख ठरली की रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजीची धावपळ सुरू होते, फुप्फुसांचा विषय मात्र आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ येतील तेव्हावर जातो. इतका उशीर करू नका. धोका खरोखर कमी करणाऱ्या गोष्टींना चार ते आठ आठवडे लागतात.

आधी सर्जनना विचारून घ्या: छेद कुठे आणि वेळ किती? बेंबीच्या वर छेद घेतला की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, काही दिवस नीट हलत नाही. दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथेच न्यूमोनिया धरतो. हात-पायाच्या ऑपरेशनात हा धोका बराच कमी असतो.

मग बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन मोजा. पेशंटला आडवं झोपवा, नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. ऑपरेशननंतर फुप्फुसांचा त्रास होण्याचा धोका मोजायला अॅरिस्कॅट नावाची गुणपद्धत आहे, तिच्यात डॉक्टर हा आकडा धरतात. साठीच्या पेशंटचं उदाहरण घ्या. वयाचे 3, ऑक्सिजन 94 असेल तर 8, पोटाच्या वरच्या भागातल्या छेदाचे 15, दोन ते तीन तासांच्या ऑपरेशनचे 16. एकूण 42, म्हणजे मध्यम धोका. याच पेशंटला गेल्या महिन्यात ताप-खोकला होऊन अँटिबायोटिक घ्यावं लागलं असेल तर आणखी 17 मिळून 59 होतात. 45 पासून पुढे धोका जास्त. म्हणून असं आजारपण लपवू नका. तातडीचं नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलता येतं. हिमोग्लोबिन 10 किंवा कमी असेल तर 11 गुण वाढतात, आणि ते भरून काढायलाही आठवडे लागतात.

बिडी-सिगारेट आजच बंद करा. चार आठवडे मिळाले तर उत्तम, पण कमी दिवस उरलेत म्हणून ओढत राहण्यात काहीच अर्थ नाही. एका दिवसातच रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. ‘आमच्या आईनं कधी बिडीला हात लावला नाही’ असं सांगताना चुलीचंही सांगा. वर्षानुवर्षं लाकडाच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईला दम्यासारखा जुना आजार असू शकतो. पूर्वी टीबी झाला होता का, जिना चढताना धाप लागते का, झोपेत घोरताना श्वास थांबतो का, हेही लिहून न्या. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच झाल्या असतील तर आवर्जून सांगा. छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची ताकद मोजणारी फुंकण्याची तपासणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. धाप कशामुळे लागते ते कळत नसेल तेव्हा त्यांचा खरा उपयोग.

तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून आतल्या प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं व्यायामाचं साधन, ऑपरेशननंतर नव्हे, आधीच आणा. दुखत असताना नवीन काही शिकणं जड जातं. बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास पूर्ण सोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि सावकाश ओढा. झटक्यात तिन्ही गोळ्या उडवल्या तर फुप्फुसाच्या तळापर्यंत हवा पोचत नाही. पहिल्या एक-दोन गोळ्या तीन-चार सेकंद वर टिकवणं जास्त कामाचं. एका वेळी दहा श्वास, मध्ये थोडा दम खा. चक्कर आली तर थांबा. पोटावर उशी घट्ट दाबून खोकायची सवयही आताच करा.

पंप म्हणजे इनहेलर चालू असतील तर ते ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायचे असतात. ‘उपाशी राहायचं’ यात ते येत नाहीत, तरी भूलतज्ज्ञांना विचारून पक्कं करा. पंप आणि स्पेसर सोबत न्या. झोपेत श्वास थांबू नये म्हणून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारं मशीन, लावून झोपत असाल तर मशीन, मास्क आणि वायर हे सगळं पिशवीत आदल्या दिवशीच भरा.