विलीज जीपचे हेडलाइट मंद किंवा बंद पडले, तर दोष कसा शोधावा

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू ज्यांच्या दारात आहे, त्यांच्याकडे हेडलाइटची तक्रार कधी ना कधी येतेच. गॅरेजमध्ये दाखवली की बहुधा दोनच सल्ले मिळतात: बल्ब बदला, नाहीतर गाडी १२ व्होल्टवर करून घ्या. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी मल्टिमीटर हातात घ्या. १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या आणि ६ व्होल्टच्याच वायरिंगवर युरोपपासून ब्रह्मदेशापर्यंत धावल्या. ही यंत्रणा कमकुवत नाही. तिला जोडण्या मात्र चोख लागतात.

त्याचं कारण साधं आहे. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर करंट घेतो, तोच ६ व्होल्टवर साडेसात. करंट दुप्पट, म्हणून गंजलेल्या जोडणीत वाया जाणारं व्होल्टेजही दुप्पट, आणि मुळात हाताशी व्होल्टेज निम्मंच. शिवाय दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर सुमारे ३० टक्के उजेड जातो. २० टक्के कमी झालं तर निम्माही उरत नाही. बल्ब धडधाकट असतो आणि रस्ता मात्र दिसत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. पाना लावायच्या आधी बॅटरीची अर्थची केबल सोडा. या जीपला निगेटिव्ह अर्थ (अर्थिंग) आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. दिवे लावून बघताना आणि मोजमाप करताना तेवढी ती परत जोडायची.

आता डॅशबोर्डवरचा लाइटचा स्विच ओढा. पहिल्या टप्प्यावर फक्त ब्लॅकआउटचे बारीक दिवे लागतात. शत्रूच्या विमानांना गाडी दिसू नये म्हणून ही सोय होती, आणि चुकून मोठे दिवे लागू नयेत म्हणून पुढे खटका ठेवलाय. तो दाबून धरला तरच स्विच पुढच्या टप्प्यावर येतो आणि हेडलाइट लागतात. नव्याने जीप घेतलेल्यांचा ‘हेडलाइट गेले’ हा प्रश्न कधीकधी इथेच सुटतो.

दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर दोष बॅटरी, स्विच किंवा मुख्य वायरमध्ये शोधा. एकच गेला असेल तर तो दिवा, त्याची जोडणी किंवा त्याचा अर्थ. दोन्हीकडे अप्पर लागतो पण डिपर नाही (किंवा उलट), तर डाव्या पायाखालचा फूट स्विच. दिवे लागतात, विझतात, थोड्या वेळाने आपोआप पुन्हा लागतात, असं एका लयीत चाललं असेल तर ताबडतोब बंद करा. स्विचजवळचा सर्किट ब्रेकर तापून तुटतोय आणि गार झाला की पुन्हा जुळतोय. याचा अर्थ कुठेतरी वायर सोलवटून बॉडीला टेकली आहे. जाळी किंवा मडगार्डच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर झिजलेलं असतं. पहिली नजर तिथे टाका.

दिवे चालू ठेवूनच मोजा

नुसतं टेस्टर लावून ‘करंट येतोय’ म्हणण्यात अर्थ नाही. भार नसताना गंजलेल्या वायरमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन बंद, हेडलाइट चालू.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर घ्या, केबलच्या क्लॅम्पवर नाही. चांगली चार्ज झालेली बॅटरी दिवे नसताना ६.३ व्होल्टच्या आसपास दाखवते. दिवे लावल्यावर ६ च्या खाली घसरली तर आधी बॅटरी चार्ज करा. दुसरं माप दिव्याच्या मागच्या पिनांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर वाटेत कुठेतरी गळती आहे.

ती कोणत्या बाजूला आहे याचा सोक्षमोक्ष पुढच्या मापाने लागतो. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी दिव्याच्या अर्थच्या पिनेवर. इथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थ खराब. माझ्या मते या जीपचं दुखणं सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं, आणि नुकत्याच सुंदर रंगवलेल्या गाडीत तर हमखास.

त्यामागे जीपची खास रचना आहे. तिचा हेडलाइट बिजागरीवर बसवलेला असतो. बोनेट उघडून हाताने फिरवायचा, दोन कानांचा विंग नट सैल केला की दिवा मागे उलटतो आणि रात्री इंजिनवर उजेड पडतो. फार हुशारीची सोय आहे ही. पण अर्थ या ब्रॅकेटमधून आणि बिजागरीतून जाणार असेल, तर पिनेवर बसलेला रंगाचा थर आणि सांध्यातला गंज दोन्ही त्याला अडवतात. ब्रॅकेट जिथे बॉडीला टेकतं तेवढाच भाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत राहणाऱ्या गाडीला मी याशिवाय प्रत्येक दिव्यापासून चॅसीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी अर्थची वायर टाकायला सांगेन. बाहेरून दिसत नाही, मूळ रूप बिघडत नाही.

बॅटरीची अर्थ केबल चॅसीला लागते ती जागा आणि इंजिन-चॅसीमधली पट्टीही अशीच साफ करा. केबल १२ व्होल्टच्या गाडीची बारीक टाकलेली असेल तर बदला. ६ व्होल्टला ५० चौरस मिलिमीटरच्या आसपासची जाड केबल हवी.

अर्थ ठीक निघाला, तर पॉझिटिव्ह बाजूने टप्प्याटप्प्याने मोजत जा: बॅटरी ते स्विच, स्विच ते फूट स्विच, तिथून जंक्शन ब्लॉक (वायरी एकत्र जोडायची पट्टी), शेवटी दिवा. जिथे आकडा एकदम उडी घेतो तिथे थांबा. फूट स्विच चिखलपाण्यात असतो; तो आतून काळा पडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून अनेकदा दाबा, तरी फरक पडला नाही तर बदला.

बल्बकडे शेवटी वळा

दिवा पिवळट-लाल आणि अगदी क्षीण असेल तर त्यावरचा आकडा वाचा. १२ व्होल्टचा बल्ब ६ व्होल्टवर जेमतेम दहावा हिस्सा उजेड देतो. आपल्याकडच्या जीपांत हे घोळ असतात, कारण १९४७ पासून मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे नागरी जीपांचे सुटे भाग लष्करी गाड्यांवरही चढत गेले. उलट, बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिनचा वेग वाढवून बॅटरीवर मोजा. साधारण ७.२ ते ७.४ व्होल्ट योग्य, ७.५ च्या वर जात असेल तर डायनामोचा रेग्युलेटर बिघडलाय.

सगळं झाल्यावर गाडी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून दोन्ही झोत एका उंचीवर आणा. मग दिवे चालू ठेवूनच प्रत्येक हेडलाइट एकदा पूर्ण उलटा करा आणि परत बसवा. बिजागरीजवळ वायर ताणली किंवा चिमटली जात असेल, तर तिथे आणखी बोटभर ढील द्या आणि मगच विंग नट आवळा.