निष्क्रिय खात्यांतील पैसा स्थानिक कामी लावताना

वर्षानुवर्षे हालचाल न झालेल्या बँक खात्यांतील पैसा स्थानिक लोकांच्या कामी लावायचा असेल, तर आधी तो परत कसा देणार हे ठरवावे, वाटपाचा विचार त्यानंतर करावा. खातेदार वारलेला असेल, पत्ता बदलून खाते विसरला असेल, तरीही त्याची किंवा त्याच्या वारसांची मालकी संपत नाही. म्हणून मागणी कधीही आली तरी रक्कम मिळेल, ही हमी कायद्यातच असावी. ब्रिटनच्या 2008 च्या आणि जपानच्या 2016 च्या कायद्यांत ती आहे.

खाते निष्क्रिय कधी मानायचे, याची व्याख्या नेमकी करावी. ब्रिटन व आयर्लंडमध्ये ही मुदत 15 वर्षे, तर जपानमध्ये 10 वर्षे आहे. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क ही खातेदाराची हालचाल नव्हे, हे शब्दांत लिहून ठेवलेले बरे, नाहीतर दर सहामाहीच्या व्याजनोंदीमुळे कोणतेच खाते कधीही निष्क्रिय ठरणार नाही. रक्कम हलवण्यापूर्वी शेवटच्या ज्ञात पत्त्यावर सूचना पाठवावी आणि नावावरून शोध घेता येईल अशी सोय करावी.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक आहे. सगळा पैसा वाटून टाकला आणि मग कोणी जुने पासबुक घेऊन आला, तर द्यायचे कशातून? ब्रिटनमध्ये 2011 पासून काम करणाऱ्या रिक्लेम फंडाने बँकांकडून पैशाबरोबरच परतफेडीची जबाबदारीही स्वीकारली आणि सुरुवातीला मिळालेल्या रकमेपैकी सुमारे 60 टक्के दाव्यांसाठी राखून उरलेलेच पुढे दिले. नव्या योजनेनेही असाच सावधपणा दाखवावा आणि दाव्यांचा अनुभव जमा झाल्यावरच राखीव वाटा कमी करावा.

पैसा स्थानिक पातळीवर पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. जपानमध्ये ठेव विमा महामंडळाकडून तो जॅनपिया या संस्थेकडे, तिच्याकडून निधी वितरण संस्थांकडे आणि शेवटी प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांकडे जातो. ही साखळी लांब आहे, पण प्रत्येक टप्प्यावर हिशेब तपासता येतो. दुसरा मार्ग ब्रिटनच्या कायद्यात लहान बँका व बिल्डिंग सोसायट्यांसाठी (ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या संस्थांसाठी) आहे: ज्यांचा ताळेबंद 700 कोटी पौंडांपेक्षा कमी आहे, त्यांना ठरलेला हिस्सा शाखांच्या परिसरातील गरजांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना देता येतो. माझ्या मते स्थानिक हिताशी याचेच नाते अधिक जवळचे आहे. भारतात 10 वर्षांनंतर अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. त्या निधीचा हेतू ठेवीदारांचे हित हा असल्याने स्थानिक विकासकामांसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

ज्या संस्थेला अशा निधीसाठी अर्ज करायचा आहे, तिने नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि काम पूर्ण झाल्यावर देखभाल कोण करणार याचे उत्तर तयार ठेवावे. ‘परिसराचा सर्वांगीण विकास’ असे लिहिण्यापेक्षा ‘सभागृहाचे छप्पर गळत असल्याने पावसाळ्यात मुलांचे वर्ग बंद राहतात’ असे लिहिलेला अर्ज तपासणाऱ्याला लगेच कळतो. जे काम शासनाने करायलाच हवे, त्याची पोकळी भरण्यासाठी हा पैसा मागू नये, आणि देणाऱ्यांनीही तो त्यासाठी देऊ नये. अनुदानाऐवजी कर्ज मिळणार असेल, तर ते फेडण्याइतके नियमित उत्पन्न आहे का, हे आधी पाहावे. ज्या कामातून उत्पन्न होतच नाही, त्यावर कर्ज घेणे म्हणजे संस्थेच्या गळ्यात धोंडा बांधणे होय.

करार करताना एक कलम आवर्जून वाचावे. खातेदार अनेक वर्षांनी परतला, तर त्याची रक्कम राखीव निधीतूनच द्यावी आणि अनुदान घेतलेल्या संस्थेकडून वसूल करू नये, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. नसेल तर सहीपूर्वी लिहून घ्यावे.