पिकअपला बाहेरचा एअर इनटेक घ्यायच्या आधी हे बघा

गाडी लोडवर चढाला ओढत नाही म्हणून पुण्यात नाना पेठेत जाऊन कंपनीच्या ऐवजी उघड्या शंकूसारख्या कोन फिल्टरवाला इनटेक (इंजिनला हवा देणारा भाग) बसवायचा विचार असेल तर थांबा, आधी एवढं करा, बऱ्याचदा खर्च वाचतो.

१. एअर फिल्टरचा डबा उघडा. पेपर फिल्टरच्या घड्यांमध्ये धूळ बसून तो काळपट झाला असेल तर सरळ कंपनीचाच नवीन टाका, चाकण-मोशीकडे रोज फिरणाऱ्या गाडीचा तर लवकरच भरतो.

२. डबा आतून फडक्याने पुसून घ्या आणि टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून बघा, घडीतली बारीक चीर नुसती बघून दिसत नाही. क्लॅम्प पण आवळा.

३. मग तोच लोड टाकून दिवे घाट चढवून बघा.

माझं स्पष्ट मत, साध्या डिझेल पिकअपला नुसत्या इनटेकने ताकद फारशी वाढत नाही, आवाज मात्र वाढतो, आणि उघडा कोन बॉनेटखालची गरम हवाच ओढतो.

तरी घ्यायचाच असेल तर तेल लावायच्या कापडी फिल्टरला तेल जपून लावा, जास्त झालं की आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि गाडी अजूनच मिसिंग करते.