पिक्चर आधी म्यूट करून बघा, मग डोळे मिटून ऐका

पिक्चर बघून बाहेर आलो की आपलं ठरलेलं असतं, स्टोरी भारी, गाणी कडक, सेकंड हाफ जरा स्लो. बास. पण तो स्लो का वाटला, मुद्दाम केला होता का एडिटरला डुलकी लागली होती, हे कोणी विचारत नाही. आता जे सांगतोय त्याला फिल्म स्कूल वगैरे काही लागत नाही, घरी टीव्ही नायतर मोबाईलवर जमतं. उदाहरणं घेतलीत नागराज मंजुळेंचे फँड्री आणि सैराट आणि चैतन्य ताम्हाणेंचा कोर्ट. स्पॉयलर भरपूर आहेत, पण सैराट येऊन गेला २०१६ ला, शेवट अजून माहीत नसेल तर आधी तो बघून या आणि मग वाचा.

पहिलं म्हणजे अख्खा पिक्चर घेऊन बसू नका. आधी बघितलेल्या पिक्चरमधला तीन-चार मिनिटांचा तुकडा घ्या, कारण पहिल्यांदा बघताना आपला जीव पुढं काय होणार यातच अडकलेला असतो, कॅमेरा कुठं ठेवलाय याकडं लक्ष जायची सोयच नसते.

आता आवाज बंद करून तो तुकडा बघा. कोण फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीच्या मधोमध आहे, कोण कडेला ढकललंय, कॅमेरा माणसाच्या किती जवळ गेलाय, हलतोय का गप उभाय, एवढंच बघायचं. सैराटमधलं याड लागलं गाणं यासाठी झकास आहे. म्यूटवर काय दिसतं तर एक पोरगा पळत येतो आणि पोरी पोहत असलेल्या विहिरीत उडी टाकतो, बऱ्याच ठिकाणी स्लो मोशन. (स्लो मोशनचा हिशोब सोपा आहे, पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे इथं २४ स्थिर फोटोंनी चालतो, तुम्ही ४८ नं शूट करून २४ नं दाखवलं की एका सेकंदाचे दोन होतात.) खरं सांगायचं तर गाण्याशिवाय ते जरा येडपटच दिसतं. गावातला कुठलाही पोरगा असलं काहीतरी करत असतोच की.

मग डोळे मिटून नुसतं ऐका. अजय-अतुलनी या पिक्चरसाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, ती व्हायोलिनची लाट येते तेव्हा वाटतं कुठल्यातरी राजपुत्राची एंट्री आहे. आणि तेच तर करायचं होतं, मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला राजपुत्राचं म्युझिक द्यायचं होतं. इथं स्वतःला एक प्रश्न विचारा, हे म्युझिक कोणाच्या बाजूनं आहे? परश्याच्या, म्हणजे त्या पळत आलेल्या पोराच्या मनात जे चाललंय ते एवढं मोठं आहे असं ते सांगतं, आणि शिवाय गुपचूप आपल्याला एक वचन देतं की हा सिनेमा आहे, हिरोचं चांगलंच होणार. आपण आयुष्यभर असले पिक्चर बघितलेत त्यामुळं लगेच विश्वास ठेवतो.

सगळ्यात कामाची गोष्ट आता येते. म्युझिक कुठं आहे यापेक्षा कुठं नाही ते लिहून काढा. सैराटची चारही गाणी परश्या आणि त्याची आर्ची घरातून पळून जायच्या आधी संपतात, हैदराबादला पोचल्यावर एक पण गाणं नाही. राहिली ती झोपडपट्टीतली खोली, पैशाची चणचण, संशय, भांडणं, आणि या सगळ्यात कोणी व्हायोलिन वाजवत नाही. म्हणजे आपण ज्याला स्लो म्हणालो ते हे होतं बघा, दिलेलं वचन दिग्दर्शकानं हळूच काढून घेतलं आणि आपल्याला नुसतं चुकचुकल्यासारखं वाटत राहिलं. आणि शेवटी तर आवाजच काढून टाकला. परश्या-आर्चीचा खून झालाय, त्यांचं लहान पोरगं रडतंय, आपल्याला ऐकू येत नाही, रक्तात भरलेली पावलं उमटत जातात आणि स्पीकर गप्प. थेटरात तेव्हा शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता.

हे पटत नसेल तर एक खोडी करा, तो शेवट लावा आणि दुसऱ्या मोबाईलवर कुठलीही दुःखी बासरी लावा. लगेच सोपं होऊन जातं. रडायला येतं, रडून मोकळं वाटतं, आणि घरी जाऊन जेवता येतं. म्युझिक आपल्याला काय वाटून घ्यायचं ते सांगतं आणि त्यात एक प्रकारचा दिलासा असतो, तो दिलासा इथं द्यायचाच नव्हता. टीव्ही सिरियलमध्ये याच्या बरोब्बर उलटं, सासूनं नुसतं वळून बघितलं तरी तीन वेळा झूम आणि धाडधाड आवाज, प्रेक्षकानं स्वतः काही समजून घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही.

पुढचा प्रश्न, आवाज सीनच्या आतून येतोय का वरून चिकटवलाय? आतून म्हणजे पात्रांनाही ऐकू येतोय, रेडिओ, मंदिरातली घंटा, शेजारचा टीव्ही. वरून म्हणजे फक्त आपल्याला. फँड्रीत जब्या नावाचा शाळकरी पोरगा आणि त्याच्या घरचे डुकराच्या मागं पळत असतात आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, मग सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुकराला काय त्याचं. आता हेच राष्ट्रगीत वरून बॅकग्राउंडला टाकलं असतं तर ते दिग्दर्शकाचं भाषण झालं असतं, आपण टाळ्या वाजवल्या असत्या नायतर चिडलो असतो. पण ते शाळेतून येतंय, जब्याला ऐकू येतंय, आणि थांबायचा निर्णय त्या कुटुंबाचा आहे. हसू पण येतं आणि पोटात गोळा पण. मग ते डुक्कर काठीला बांधून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रं दिसतात, त्यावर एक डायलॉग नाही, कॅमेरानं फक्त ती भिंत फ्रेमबाहेर जाऊ दिली नाही. आणि जब्यानं मारलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो, म्हणजे कोणाकडं ते बघा.

कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो ती जागा, मोजायला मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. कुठल्याही ॲक्शन पिक्चरमध्ये बोट दुखेल, आणि कोर्टमध्ये कंटाळून बाजूला ठेवाल. तिथं कॅमेरा लांब उभा आणि बहुतेक वेळ स्थिर, सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात वाचत सुटते, कोणाच्या चेहऱ्यावर फारसा क्लोजअप नाही, म्हणजे कोणाकडं बघायचं ते तुम्हीच ठरवा. पार्श्वसंगीताचा आधार पण नाही, जोर असतो तो ज्याच्यावर खटला चाललाय त्या लोकशाहिराच्या गाण्यात, स्टेजवर. सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, दिवे जातात, अंधार. वाटतं संपला. पण संपत नाही, पिक्चर जज साहेबांच्या मागं त्यांच्या सुट्टीवर जातो. काळ्या पडद्यावर संपला असता तर आपण व्यवस्थेला दोष देऊन उठलो असतो, त्या पुढच्या सीनमुळं व्यवस्थेला चेहरा मिळतो, आणि तो चेहरा बागेत डुलकी काढतोय.

एडिटिंगची ताकद स्वतः बघायची असेल तर रशियात लेव्ह कुलेशोव्हनं शंभर वर्षांपूर्वी केलेला प्रयोग करा. मित्राचा कोरा चेहरा शूट करा, त्याच्या पुढं एकदा मिसळीची प्लेट जोडा, एकदा हॉस्पिटलचा बेड, एकदा झोपलेलं बाळ. घरच्यांना दाखवा, तीन वेळा वेगळी ॲक्टिंग दिसल्याचं सांगतील. मित्राला ऑस्कर देऊ नका.

रंगांचं मी फार मनावर घेत नाही. निळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असली कोष्टकं फिरत असतात, ती सोडून द्या. एकाच पिक्चरमध्ये रंग कधी बदलला एवढं बघितलं तरी पुरे.

आणि हे सगळं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे जाड आवाज त्यात येतच नाहीत आणि हळू आवाज पंख्याखाली मरतात. हेडफोन लावा. सबटायटल चालू असतील तर बंद करा, डोळे तिथंच वाचत बसतात. मात्र इंग्लिश कॅप्शनमध्ये कधीकधी म्युझिक सुरू झालं, बंद झालं असं लिहून येतं, तुम्ही केलेली नोंद शेवटी त्याच्याशी ताडून बघायला ते बरं पडतं.