दुखण्याची गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटी करा

गेल्या महिन्यात आईच्या औषधांच्या डब्यात दोन स्ट्रिप्स सापडल्या. एक गुडघ्यासाठी, दुसरी दाढेसाठी, डॉक्टरही दोन. नावं वेगळी, रंग वेगळे. मागची बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम. दोन्ही दिवसातून दोनदा, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा २००.

तर पहिलं काम तेच. वरचं मोठं नाव सोडा, मागचं औषधाचं नाव वाचा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घरातली भावंडं. एका वेळी एकच घ्यायचं. सोबत बहुतेकदा पॅरासिटामॉल ३२५ असतं, तापाची गोळी घेताना तेही हिशेबात धरा. स्ट्रिपवरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. मेडिकलमध्ये जाऊन "मागच्या वेळचीच द्या" हे बंद.

दुसरं, डॉक्टरांसमोर बसलात की न विचारता सांगा: बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, रक्त पातळ करणारं औषध किंवा अ‍ॅस्पिरिन चालू आहे का, अल्सर, दमा, किडनी वा हृदयाचा त्रास आहे का, दिवस गेलेत का. कारण ही गोळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं कमी करते. त्यांच्यामुळेच सूज आणि दुखणं वाढतं, पण पोटाचं अस्तर जपणं आणि किडनीला रक्त पुरवणं हेही त्यांचंच काम.

म्हणूनच "जेवून घेतली, आता काही होत नाही" हा समज अर्धाच खरा. जेवणानं जळजळ कमी होते, पण गोळी रक्तातूनही अस्तरावर परिणाम करते. गरज वाटली तर डॉक्टर अ‍ॅसिडिटीची गोळी जोडून देतात; ती गाळू नका. भरपूर पाण्यासोबत गिळा. आवरण असलेली किंवा 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी फोडू नका, कुटू नका.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्यांना हात लावू नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणं, धाप, लघवी कमी होणं, चेहऱ्यावर सूज: यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

आईच्या डॉक्टरांना फोन केला, एक स्ट्रिप बाद झाली. उरलेलीवर मी मार्करनं लिहिलंय: 'गुडघा. सकाळ-रात्र. शुक्रवारी बंद.'