सुपरहिरो आरपीजीसाठी सिस्टीम निवडताय? या चुका टाळा

आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ (रोल-प्लेइंग गेम). त्यात सुपरहिरोंचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स (बैठका) चालणारी एक गोष्ट, खेळायचं ठरलं की पहिली चर्चा पॉवर्सचीच होते. कुणाला उडायचंय, कुणाला भिंतीतून आरपार जायचंय, कुणाला दुसऱ्याच्या मनातलं वाचायचंय. मग ज्या सिस्टीमच्या, म्हणजे नियमसंचाच्या, पुस्तकात पॉवर्सची यादी सगळ्यात लांब, ते घेतलं जातं आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला टेबल थंड पडतं. उडणं जवळपास प्रत्येक सुपरहिरो सिस्टीममध्ये असतं. खरा फरक पडतो तो नियम काय मोजतात यावर. काही सिस्टीम ठोसा किती जोरात बसला ते मोजतात, काही तो ठोसा मारणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते मोजतात. पुस्तक उघडलं की पॉवर्सच्या प्रकरणाआधी फासे कधी टाकायचे आणि मार खाल्ल्यावर काय होतं, ही दोन प्रकरणं वाचा.

येते ती सिस्टीम ताणणं

ग्रुपला डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ही जादू-तलवारींची आरपीजी) येतं, मग त्यावरच सुपरहिरो बसवू, हा विचार फार वेळा होतो. नवं पुस्तक वाचायचा वेळ वाचतो हे खरं. पण पाचव्या आवृत्तीत विझार्डला, म्हणजे जादूगाराला, उडण्याचा फ्लाय हा स्पेल (मंत्र) पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष) टिकलं तर दहा मिनिटांपुरता. सुपरहिरो पहिल्या सीनपासून उडतो. शिवाय २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइड या त्याच खेळाच्या पुस्तकाने गोष्टीतल्या एका दिवसात ६ ते ८ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (चकमकी) गृहीत धरले आहेत. स्पेल स्लॉट (मंत्र वापरायची शिल्लक) आणि हिट पॉइंट (मार सोसायची शिल्लक) हळूहळू संपत जातात, आणि खेळातला ताण त्यातूनच येतो. सुपरहिरोच्या गोष्टीत दिवसाला एकच मोठी मारामारी असते. सगळे पूर्ण ताकदीनिशी उतरतात आणि व्हिलन दुसऱ्या राउंडला झोपतो. हे सावरायला जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) घरचे नियम लिहीत बसतो. तेवढ्या मेहनतीत एक नवी सिस्टीम शिकून झाली असती.

कसले सुपरहिरो, हे न ठरवणं

अंधाऱ्या गल्ल्यांत गुंडांच्या मागे लागणारा मुखवटाधारी, घरच्यांपासून पॉवर्स लपवणारी शाळकरी मुलगी आणि अख्खा ग्रह वाचवणारी टीम या तिघांना एकच सिस्टीम सारखी मानवत नाही.

मॅग्पाय गेम्सने २०१६ साली आणलेली मास्क्स घ्या. तिच्यात हिरोच्या ताकदीला आकडाच नाही. आकडे आहेत ते पाच लेबल्सना, म्हणजे हिरो स्वतःला कसा बघतो त्याच्या पाच बाजूंना: डेंजर, फ्रीक, सेव्हियर, सुपिरिअर आणि मंडेन. प्रत्येक लेबल −२ ते +३ यांच्यामध्ये फिरतं. ज्याच्या शब्दाला तुमच्या लेखी वजन आहे असा मोठा माणूस म्हणाला, "तू जिथे जातेस तिथे नासधूस होते, यात पडू नकोस," की डेंजर एकने वर जातं आणि दुसरं एखादं, समजा सेव्हियर, एकने खाली येतं. पुढच्याच सीनला तुम्ही कुणाला वाचवायला धावलात की फासे पडतात ते त्या घसरलेल्या सेव्हियरवर. मार खाल्ला तरी हिट पॉइंट जात नाहीत. अँग्री, गिल्टी, इनसिक्युअर अशा पाच कंडिशन्सपैकी एखादी लागते आणि तिचा फटका पुढच्या वागण्याला बसतो. किशोरवयीन टीमसाठी मला याहून चांगली सिस्टीम माहीत नाही. पण तिच्यात चाळिशीतला, कुणाच्या बोलण्याने जराही न हलणारा डिटेक्टिव्ह आणून बसवलात तर अर्धे नियम रिकामे बसून राहतात.

पॉइंट सारखे म्हणजे हिरो सारखे, असं मानणं

म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स ही ग्रीन रोनिनची सिस्टीम २००२ साली आली. आता तिची तिसरी आवृत्ती खेळली जाते. नेहमीची सुरुवात पॉवर लेव्हल (ताकदीची ठरवलेली पातळी) १० आणि हिरो बनवायच्या १५० पॉइंट्सवर होते. नवखे ग्रुप नेमके इथेच अडकतात. प्रत्येकाला १५० मिळाले म्हणजे सगळे समान, असं वाटतं. पण मारामारीत समानता येते ती पॉवर लेव्हलच्या मर्यादेमुळे. अटॅक (नेम) आणि डॅमेज (ठोशाचा जोर) यांची बेरीज पॉवर लेव्हलच्या दुपटीपेक्षा, म्हणजे इथे २० पेक्षा, जास्त होऊ शकत नाही. डिफेन्स (मार चुकवणं) आणि टफनेस (मार सोसणं) यांचंही तसंच. चपळ हिरो १२ आणि ८ घेतो, धिप्पाड हिरो ८ आणि १२ घेतो, आणि दोघंही शोभतात. मात्र तिसऱ्याने निम्मे पॉइंट स्किल्सवर आणि हौसेच्या पॉवर्सवर घातले, त्याची बेरीज १४ वरच थांबली, तर तो प्रत्येक मारामारीत प्रेक्षक होतो. खेळ सुरू व्हायच्या आधी जीएमने प्रत्येकाच्या शीटवरच्या, म्हणजे हिरोच्या माहितीच्या कागदावरच्या, या दोन बेरजा तपासायलाच हव्यात.

दुसरी अडचण हिट पॉइंटच्या सवयीची. इथे ते नाहीतच. डॅमेज १२ चा ठोसा बसला तर टफनेस चेकला (फासा अधिक टफनेस या बेरजेला) १५ अधिक १२, म्हणजे २७ लागतात. टफनेस १० असलेल्या हिरोला २० बाजूंच्या फाशावर ४ पडले तर बेरीज १४ होते. १३ कमी पडले, सुरू झालेल्या दर पाचाला अपयशाची एक डिग्री, म्हणजे तिसरी डिग्री आणि हिरो स्टॅगर्ड (झोकांड्या खाणारा). तिथे १ पडला असता तर तो पहिल्याच ठोशात बेशुद्ध. खेळाडूंना हे आधी सांगितलं नाही, तर "मी इतका टफ बनवला आणि लगेच आडवा?" हा वाद ठरलेला. हिरो पॉइंट याचसाठी, म्हणजे वाईट पडलेला फासा सावरायला, असतात. हे पॉइंट हिरोच्या अडचणी, म्हणजे कॉम्प्लिकेशन्स, गोष्टीत आल्यावर मिळतात आणि न वापरलेले अ‍ॅडव्हेंचर संपताच जातात. म्हणून साठवू नका, खर्च करा.

कॅरेक्टर बनवण्यात अख्खी संध्याकाळ जाते ही तक्रारही खरी आहे. पुस्तकातले तयार आर्किटाइप (नमुना हिरो) घ्या, नाव आणि दोन-चार पॉवर्स बदला, खेळायला बसा.

वेगाचा हिशेब न बघणं

१९८१ सालची चॅम्पियन्स आणि तिच्यातून वाढलेली हिरो सिस्टीम हे बारकाव्यांचं आगर. तिथे मारामारीतला एक टर्न (फेरी) १२ सेगमेंट्सचा (तुकड्यांचा) असतो. स्पीड ४ असलेला हिरो ३, ६, ९ आणि १२ या सेगमेंट्सना हालचाल करतो, स्पीड ६ वाला प्रत्येक सम सेगमेंटला. कागदावर हे सुरेख दिसतं. टेबलावर मात्र स्पीड ८ घेतलेल्या खेळाडूची पाळी स्पीड ४ वाल्याच्या दुप्पट वेळा येते आणि बाकीचे वाट बघत बसतात. सुरुवातीलाच स्पीडची मर्यादा घालून द्या, म्हणजे ही कुरकुर होणार नाही.

ताकदीची दरी आणि व्हिलनचा जीव

एकाच टीममध्ये साधा माणूस आणि अमर्याद ताकदीचा हिरो हवा असेल, तर सिस्टीम तो पल्ला कसा पेलते ते बघा. मेफेअर गेम्सच्या १९८५ सालच्या डीसी हिरोजमध्ये आकडा एकने वाढला की ताकद दुप्पट होते. म्हणजे ५ आणि १० यांच्यात ३२ पटींचा फरक, तरी शीटवर आकडे आटोपशीर राहतात. दरी लपत नाही, पण हिशेब कोलमडत नाही. मास्क्समध्ये ताकदीला आकडा नसल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

सिस्टीम कशाला बक्षीस देते हेही बघा. १९८४ सालच्या टीएसआरच्या मार्व्हल सुपर हिरोजमध्ये हिरोने कुणाचा जीव घेतला की त्याचे सगळे कर्मा पॉइंट जात. फासे सावरायला तेच पॉइंट आणि हिरो सुधारायलाही तेच, त्यामुळे खेळाडू आपोआप व्हिलनला बांधून पोलिसांच्या हवाली करत. तुमच्या सिस्टीममध्ये असा दाब नसेल आणि खेळाडू प्रत्येक व्हिलन संपवत सुटले, तर दोष त्यांना देऊ नका. तुम्हाला कशा गोष्टी हव्यात ते आधी बोलून घ्या.

खेळ सुरू झाल्यावर गाडी अडली तर

मारामारी संपता संपत नसेल तर आधी शत्रूंची संख्या बघा. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये मिनियन्सचा, म्हणजे किरकोळ गुंडांचा, नियम आहे: टफनेस चेक चुकला की मिनियन थेट बाद. अनेक जीएम हा नियम विसरतात आणि दहा गुंडांना दहा व्हिलनसारखं चालवतात.

सगळे पहिल्याच राउंडला सगळ्यात मोठी पॉवर वापरत असतील तर सेंटिनेल कॉमिक्स आरपीजी बघा. तिथे सीन हिरव्यातून पिवळ्यात आणि मग लाल रंगात जातो, आणि हिरोच्या काही क्षमता पिवळा किंवा लाल आल्याशिवाय उघडतच नाहीत. तीन फासे टाकून मधला आकडा धरतात, त्यामुळे शिकायला वेळ लागत नाही.

एखादा खेळाडू गप्प बसत असेल तर त्याच्या शीटवर वापरण्याजोगं काय आहे ते बघा आणि त्याला पॉवर्स बदलू द्या. पहिल्या दोन-तीन सेशन्समध्ये ही मुभा सगळ्यांनाच द्यावी. कॅम्पेन ठरवण्याआधी एक चाचणी सेशन घेतलंत तर आणखी बरं. त्यात एक मारामारी, एक बचावकार्य आणि घरच्या माणसांशी बोलण्याचा एक सीन ठेवा. तिन्हींत नियमांनी मदत केली की अडवलं, हे लगेच कळतं.

आणि सिस्टीम बदलायचीच ठरली तर जुन्या शीटवरचे आकडे नव्यात उतरवू नका, ते जुळत नाहीत. प्रत्येक खेळाडूला विचारा की आतापर्यंत त्याच्या हिरोने केलेल्या कोणत्या तीन गोष्टी यापुढेही जमायलाच हव्यात. त्या तीन गोष्टींवरून नव्या सिस्टीममध्ये हिरो कोरा बनवा. जे आकडे त्यात बसत नाहीत ते सोडून द्या.