पाऱ्याचा आकडा मागायचा कसा: सीमाभागातल्या अर्जदारासाठी

बेळगावात डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसच्या वाटेवर माझं टायपिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच मराठी, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचं. त्यांनी मराठीत सांगायचं, मी कन्नडमध्ये अर्ज उतरवायचा. उतारा, पेन्शन, रेशनकार्ड हे रोजचं. अधूनमधून वीजकेंद्राच्या नाहीतर कारखान्याच्या धुराचा किंवा राखेचा अर्ज येतो आणि त्यात हमखास एकच मागणी असते, "प्रदूषण थांबवावे, ही विनंती." असल्या अर्जाला दोन ओळींचं उत्तर येतं, "पाहणी केली, सर्व काही मर्यादेत आहे." फाईल बंद.

म्हणून मी सांगते, पाऱ्याचा आकडा मागा. राख अंगणात पडलेली दिसते, धूर दिसतो, पारा दिसत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि विचारलं की समोरच्याला कागद शोधावाच लागतो.

आधी थोडं रसायनशास्त्र, बी.एस्सी. केल्याचा तेवढाच उपयोग. कोळशात पारा अगदी नखभर असतो, टनामागे ग्रॅमचा काही अंश. पण कोळसा किती जळतो ते बघा. विजयपूर जिल्ह्यातल्या कुडगीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची क्षमता 2400 मेगावॅट आहे. एवढं केंद्र वर्षभर जोरात चाललं तर कोटभर टन कोळसा लागतो. टनाला 0.1 ग्रॅम पारा धरला तरी वर्षाचा हजार किलो झाला. हा माझा नुसता हिशेब, कुठल्याही केंद्राचं मोजमाप नव्हे. पण गणित कळावं म्हणून सांगितलं. भट्टीत त्या सगळ्याची वाफ होते. काही भाग राखेच्या कणांना चिकटतो आणि धूळ पकडणाऱ्या यंत्रात अडकतो. काही भाग पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतो, तो गंधक धुणाऱ्या यंत्रणेत, एफजीडीत, उतरतो. उरलेला धुराड्यातून सुटतो आणि हवेत कित्येक महिने फिरतो. शेवटी पावसाबरोबर तळ्यात, नदीत येतो, गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात आणि ते माशात साठतं. मासा मोठा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा असेल तर जास्तच. उकळून, तळून ते जात नाही.

आता कायद्याचा आकडा. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने 7 डिसेंबर 2015 ला औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घातली, एका सामान्य घनमीटर (म्हणजे ठरावीक तापमान-दाबाला मोजलेल्या) धुरात 0.03 मिलिग्रॅम. 2003 संपायच्या आधी बसवलेल्या, 500 मेगावॅटपेक्षा लहान युनिटना ती लागू नाही. बाकी सगळ्यांना आहे. इथे एक गोंधळ नेहमी होतो. जुलै 2025 मध्ये बऱ्याच केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या अटीतून सूट मिळाली. "आता सूट आहे हो" असं कुणी म्हणालं तर विचारा, कशाची? ती गंधकाची आहे, पाऱ्याची नाही. उलट एफजीडी बसली नाही तर तिच्यात अडकणारा पाराही सुटणार, तेव्हा प्रश्न जास्तच रास्त होतो.

अर्ज लिहिण्याआधी फुकटचं वाचून घ्या. ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी आहे त्याने दर वर्षी 1 जूनला आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. मंजुरीपत्र केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर सापडतं. औष्णिक केंद्रांच्या मंजुरीत बहुधा एक अट असते की राखेच्या तळ्याभोवतीच्या पाण्यात जड धातू तपासावेत, त्यात पाराही. त्या अटीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. अर्जात क्रमांक आला की कारकुनाची बसायची पद्धतच बदलते.

मग माहिती अधिकार. सरकारी कंपनीचं केंद्र असेल तर थेट तिच्याच माहिती अधिकाऱ्याकडे. कारखाना खासगी असेल तर तो तुम्हाला उत्तर द्यायला बांधील नाही, पण कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. कारखान्याचे सगळे कागद त्यांच्याकडे जातात. 2005 च्या कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, आपल्याकडे ती कन्नड. मराठीत दिला तर परत येऊ शकतो. तक्रारीचं निवेदन मात्र वेगळं. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, तेव्हा निवेदन खुशाल मराठीत द्या. भांडण कुठे करायचं आणि कुठे नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

राज्याच्या कार्यालयाला देताना आणखी एक मेख आहे. कर्नाटकच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण 150 शब्द. म्हणून माझ्या दुकानात पाल्हाळ चालत नाही. मजकूर असा:

"अमुक केंद्राच्या युनिट क्रमांक अमुकच्या चिमणीतील पाऱ्याच्या मागील दोन वर्षांतील सर्व चाचणी अहवालांच्या प्रती द्याव्यात. प्रत्येक चाचणीची तारीख, चाचणीची पद्धत, प्रयोगशाळेचे नाव, उपकरणाची किमान मोजमाप मर्यादा आणि त्या वेळी युनिट किती मेगावॅटवर चालू होते, हे त्यात असावे. चाचणी झाली नसल्यास तसे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "चाचणी झालेली नाही" हे सही-शिक्क्यानिशी मिळणं हेसुद्धा मोठं उत्तर आहे. राखेतल्या पाऱ्याचा आणि तळ्याच्या पाण्याचा अर्ज वेगळा करा. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर लावा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

उत्तर आलं की वाचायचं कसं? आधी एकक बघा. मर्यादा 0.03 मिलिग्रॅम, म्हणजे 30 मायक्रोग्रॅम. अहवाल मायक्रोग्रॅममध्ये असला आणि तुम्ही मिलिग्रॅम समजलात तर उगाच गावभर बोंब. दुसरं, "बीडीएल" ही तीन अक्षरं. उपकरणाला दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. उपकरणाची नजरच 0.05 ची असेल तर 0.03 ची मर्यादा पाळली की मोडली हे ते सांगूच शकत नाही. त्यासाठीच अर्जात किमान मर्यादा मागितली. तिसरं, युनिट निम्म्या भारावर असताना घेतलेला नमुना पूर्ण भाराबद्दल फारसं सांगत नाही.

स्वतः पाणी तपासायचं म्हणून पोरं बिसलेरीच्या बाटलीत ओढ्याचं पाणी भरून आणतात. पैसे वाया. पारा प्लास्टिकला चिकटतो, उडूनही जातो. आधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला फोन करा, त्यांच्याच आम्ल घातलेल्या काचेच्या बाटल्या मागवा आणि ते पाऱ्यासाठी कोल्ड व्हेपर, म्हणजे पाऱ्याची थंड वाफ मोजणारी, पद्धत वापरतात का ते विचारा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम, नदीत सोडायच्या सांडपाण्याची 0.01. दोन्ही आकड्यांत दहापट फरक आहे, अदलाबदल करू नका.

खाणींचं थोडक्यात. चंदगड, राधानगरीकडच्या खाणी बॉक्साइटच्या. त्या दगडातही पाऱ्याचा अंश असू शकतो. त्यातून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमसाठी लागणारी भुकटी, काढताना गरम कॉस्टिक सोड्यात तो सुटतो. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात, ज्याला भारताने 2018 मध्ये मंजुरी दिली, कोळशाची वीजकेंद्रं, कोळशाचे औद्योगिक बॉयलर, सिमेंट भट्ट्या वगैरेंची यादी आहे. अॅल्युमिना तिच्यात नाही. म्हणून तिथे तयार मर्यादेचा आधार शोधत बसू नका, धातुकाच्या आणि सांडपाण्याच्या तपासणीचे कागद मागा. साखर कारखाना बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, कोळसाही जाळत असेल तर आधी किती टन ते विचारा.

नव्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर निदान तीस दिवस आधी जाहिरात यावी लागते. ती मराठी पेपरात येईलच असं नाही, कन्नड पेपर चाळत जा. पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मसुदा डीसी ऑफिस आणि जिल्हा पंचायतीत बघायला ठेवलेला असतो. कोळशाच्या पृथक्करणाचं पान काढा, पारा लिहिलाय का बघा. सुनावणीत तोंडी बोला, पण तेच लेखीही द्या. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. जेवणाच्या पाकिटांच्या मागे न जाता तेवढं ऐकून घ्या.

एवढं करूनही दाद नसेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट. इथे आमच्या नशिबाची गंमत बघा. पुणे जवळ, पण कर्नाटकातल्या प्रकरणाला चेन्नईचं पीठ. धुराडं किंवा खाण सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात असेल तर मात्र पुणे. घटना घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, फार तर आणखी साठ दिवस, तीही कारण पटलं तर. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच, उत्तर आणि प्रयोगशाळेचा अहवाल तारखेप्रमाणे एकाच फाईलला लावा. वकील पहिल्यांदा तारखाच विचारतो.